बिनआवाजी पंखा

कानसाहेबांच्या बायकोने मुलीकडे निघताना, बॅग दाराबाहेर ठेवून, चपलेचा पट्टा लावता लावता एकच वाक्य म्हटलं. "त्या पंख्याखाली मी आता झोपायची नाही." एवढं म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली.

ती गेली होती नात झाली म्हणून. नात रांगायला लागेपर्यंत राहते म्हणाली. नात रांगली. मग दात येईपर्यंत थांबते म्हणाली. दात आले, आणि नातीने ते आजोबांच्या फोटोच्या चौकटीवर वापरूनही बघितले. आता ती बालवाडीत जाऊन तिथल्या बाईंना दटावू लागली होती, तरी आजीच्या परतीचा बेत काही पक्का होत नव्हता. कानसाहेब फोनवर विचारायचे, "मग कधी?" पलीकडून उत्तर यायचं, "बघू." नवराबायकोत "बघू" म्हणजे काय, हे लग्न झालेल्या माणसाला सांगायची गरज नाही आणि न झालेल्याला सांगून उपयोग नाही.

मुलीला विचारलं तर ती म्हणायची, "राहू दे ना बाबा आईला. तिला इथे बरं वाटतं." कानसाहेब फोन ठेवून त्या वाक्याकडे बघत बसायचे. इथे बरं वाटतं म्हणजे तिथे बरं वाटत नव्हतं, एवढा हिशेब त्यांना जमत होता. पण का वाटत नव्हतं? भांडण नाही, तंटा नाही, व्यसन नाही. आवाज चढवून बोलल्याचं आठवत नाही. उलट गेली काही वर्षं घर इतकं शांत होतं की शेजारपाजारचे लोक यांचा दाखला द्यायचे. पुष्कळ विचार करून कानसाहेबांनी तपास संपवला आणि गुन्हेगार म्हणून एकच नाव पुढे आलं. पंखा.

कानसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात ते तपासणी खोलीत होते. तयार झालेली मोटर समोर आली की लाकडी दांडीचं एक टोक तिच्यावर टेकवायचं, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि "पास" किंवा, खोट असेल तर, "बेअरिंग" यांपैकी एक शब्द उच्चारायचा. पुढे व्यवस्थापनाने हेच काम करणारं एक यंत्र परदेशातून मागवलं होतं. कानसाहेब निवृत्त होईपर्यंत त्या यंत्रावरचं कापड कुणी काढलं नाही. असा मान असतो एकेकाचा. आणि अशा माणसाच्या घरी, ऐन पलंगाच्या वर, बायकोच्या डोक्यावर, एक पंखा वर्षानुवर्षं खट्-घुर्र-खट् करत होता. कारखान्यात अशी मोटर दिसली असती तर तिला त्यांनी दारातून परत पाठवलं असतं. घरातल्या वस्तूंना मात्र माणूस पास करत जातो.

बायको नसलेल्या घरात पुरुषाचं काय होतं यावर कुणी संशोधन केलं नाही, कारण तसे पुरुष कुणाला काही सांगत नाहीत. कानसाहेब सकाळी चहा करायचे तो दोन कपांचा. हाताला तेच माप. दुसरा कप थोडा वेळ ओट्यावर ठेवायचे आणि मग तोही स्वतःच प्यायचे. वर्तमानपत्र शेवटच्या पानाच्या शेवटच्या निविदेपर्यंत वाचायचे. कुठल्या गावी पाण्याच्या टाकीला रंग द्यायचा आहे हे त्यांना पाठ झालं होतं. पलंगावर ते अजून आपल्याच बाजूला झोपायचे. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत नसे, आणि निघाला तर तो भाजीवाल्यापाशी, "अर्धा किलो" एवढाच.

तेव्हा पंखा दुरुस्त करायचा, असं त्यांनी ठरवलं.

इलेक्ट्रिशियनने वर मान करून बघितलं आणि म्हणाला, "काका, नवीन पंखा आणा. अर्ध्या तासात लावून देतो."

"मोटरीत आयुष्य गेलंय माझं," कानसाहेब म्हणाले.

"मग तर तुम्हाला सूटही मिळेल."

कानसाहेबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. खोक्यातून निघालेला पंखा बायकोला काय दाखवायचा? "हा बघ, मी पैसे दिले"? तो पंखा काही बोलणार नव्हता. स्वतः केलेला पंखा मात्र नवऱ्याच्या वतीने दोन शब्द बोलला असता, आणि ते दोन शब्द स्वतःच्या तोंडाने कसे बोलायचे हे कानसाहेबांना कधीच जमलं नव्हतं.

योजना आखली गेली. जुनी मोटर काढून टाकायची, तिच्या जागी चुंबकाची, तीन तारांची नवी मोटर बसवायची, आणि तिला चालवायला एक मायक्रोकंट्रोलर. हे मायक्रोकंट्रोलर प्रकरण कानसाहेबांनी लॅपटॉपवर एका मुलाकडून शिकून घेतलं. तो मुलगा पडद्यावर इतक्या वेगाने बोलायचा की प्रत्येक वाक्यानंतर त्याला थांबवावं लागे. तीन तारांपैकी कुठल्या तारेत, कुठल्या क्षणी, किती वीज सोडायची, हे नखाएवढी चिप ठरवते. ती वीज सतत चालू-बंद, चालू-बंद करते, सेकंदाला हजारो वेळा. चिपची किंमत ऐकून कानसाहेबांना वाटलं दुकानदाराने एखादं शून्य गिळलं असावं. नळाच्या वॉशरच्या भावात डोकं मिळतं, ही बातमी त्यांनी समोरच्या दारी राहणाऱ्या शिकवणीवाल्या बाईंना ताबडतोब सांगितली. बाई त्यांच्याकडे अधूनमधून डोकवायच्या. खरं म्हणजे तेवढ्याच डोकवायच्या.

"ही चिप मोटरला क्षणाक्षणाला विचारते, आत्ता कुठे आहेस?" कानसाहेब हरखून सांगत होते. "उत्तर आलं की त्याप्रमाणे वीज देते. लगेच परत विचारते. एक क्षण विचारायचं राहिलं तर मोटर अडखळते."

"संसारात इतकं कुणी विचारलं असतं तर," बाई म्हणाल्या आणि मुलांच्या वह्या तपासायला निघून गेल्या.

चिपचा बोर्ड पार्सलने यायचा होता. तो आला, पण पार्सल कचेरीत अडकला. खिडकीमागच्या कारकुनाने डबीवरचं लेबल बोटाने वाचलं.

"मोटर कंट्रोल. म्हणजे वाहन."

"वाहन नाही हो. पंखा."

"इथे पंखा लिहिलेलं नाही. मोटर लिहिलंय. वाहनाच्या भागाला वाहन खात्याचा दाखला लागतो."

कानसाहेबांनी डबी कानाशी हलवून दाखवली. एवढीशी डबी. यात गाडी मावेल का, असं विचारलं. कारकून म्हणाला, मावेल की नाही हे ठरवणारा मी कोण? हे उत्तर इतकं विनयशील होतं की त्यावर चिडायची सोयच राहिली नाही. कानसाहेब वाहन खात्यात गेले. तिथे गाडीचा नंबर विचारला. पंख्याला नंबर नसतो म्हटल्यावर तिथले साहेब गंभीर झाले आणि विनानंबर किती दिवस चालवताय, असं म्हणाले. या टेबलावरून त्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीच्या अलीकडून पलीकडे, असं करत शेवटी एका वयस्कर अधिकाऱ्याला दया आली. त्याने शिक्कामोर्तब करून दाखला दिला की सदर पंखा रस्त्यावर चालवण्यास योग्य नाही. पार्सलच्या कारकुनाचं तेवढ्याने समाधान झालं. रांगेत उभं राहून कानसाहेबांचे पाय भरून आले होते, पण खरं सांगायचं तर दिवस बरा गेला. इतकी माणसं त्यांच्याशी बोलली असा दिवस बऱ्याच काळात उजाडला नव्हता.

पहिल्या चाचणीला पंखा उलटा फिरला. उलटा पंखा हवा वर फेकतो, आणि छतावर कित्येक वर्षांची धूळ शांतपणे नांदत होती. ती सगळी कानसाहेबांच्या डोक्यावर उतरली. शिकवणीवाल्या बाई दार ढकलून आत आल्या तेव्हा त्यांना पलंगाशेजारी एक पांढरा पुतळा उभा दिसला, आणि पुतळा म्हणाला, "दोन तारा अदलाबदल झाल्या."

दुसऱ्या चाचणीला पंखा फिरलाच नाही. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, परत डावीकडे, असा मान हलवत राहिला. नाही, नाही, नाही. कानसाहेब खाली बसून त्याच्याकडे बघत राहिले. काहीही विचारलं तरी तो नाहीच म्हणत होता. "चहा घेणार?" नाही. "ती येणार?" नाही. त्यांनी घाईघाईने बटण बंद केलं. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी उत्तर देत होतं, पण असली उत्तरं काय कामाची?

तिसऱ्या चाचणीला मोटरीतून ठिणगी उडाली आणि अख्ख्या बिल्डिंगची वीज गेली. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये होते. वीज परत आल्यावर बाहेर निघून ते जिने चढून वर आले, बेल वाजवली, परत वाजवली, मग दारावर थापा मारल्या, तेव्हा कुठे दार उघडलं.

"बेल ऐकू येत नाही का साहेब?"

"बेल बिघडली असेल," कानसाहेब म्हणाले. सेक्रेटरी गेल्यावर त्यांनी बेल खोलून बघितली. बेलला काही झालं नव्हतं. सेक्रेटरींनी बटण नीट दाबलं नसणार, असा निकाल देऊन त्यांनी ती परत बसवली.

आणि मग एका दुपारी पंखा फिरला. सरळ, संथ, पाती दिसेनाशी होईपर्यंत. कानसाहेबांनी जुनी लाकडी दांडी काढली, स्टुलावर चढले, एक टोक मोटरीच्या दांड्याला टेकवलं, दुसरं कानाला. डोळे मिटले. काही नाही. खट् नाही, घुर्र नाही. त्यांनी वेग वाढवला, कमी केला. काही म्हणजे काही नाही. "पास," ते मोठ्याने म्हणाले. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं. त्यांनी लगेच फोन लावला.

"पंखा झाला. अजिबात आवाज नाही."

"बरं झालं," बायको म्हणाली.

"मग कधी?"

"बघू."

दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या. समोरच्या घरात शिकवणीची मुलं कानांत बोटं घालून बसू लागली. काकांच्या घरातून शिट्टी येते, म्हणाली. बारीक, टोकदार, दातांत शिरणारी. बाई स्वतः आल्या. "मुलांना गणितं सुटेनात हो."

"आधी सुटत होती का?" कानसाहेब म्हणाले. माणसं त्यांच्यापासून तुटत चालली होती ती याच स्वभावामुळे. बाईंचा चेहरा उतरला आणि त्या आत गेल्या.

खालच्या मजल्यावर सेक्रेटरींचा कुत्रा पंखा सुरू झाला की पलंगाखाली जाऊन रडायचा आणि बंद झाला की बाहेर यायचा. सेक्रेटरींनी जातीने वर येऊन ऐकलं. त्यांना काही ऐकू आलं नाही. पण कुत्र्यावर त्यांचा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता, म्हणून त्यांनी रीतसर कमिटी बोलावली.

बिल्डिंगच्या कमिट्यांवर ज्येष्ठ मंडळीच असतात, कारण तरुणांना वेळ नसतो आणि ज्येष्ठांना दुसरं काही नसतं. सेक्रेटरी, खजिनदार आणि दोन सभासद अशी मंडळी कानसाहेबांच्या पलंगाभोवती माना वर करून उभी राहिली. पंखा फिरत होता. कुणी डावा कान दिला, कुणी उजवा. खजिनदारांनी एकाग्रतेसाठी डोळे मिटले आणि त्या गार वाऱ्यात उभ्या उभ्या त्यांना डुलकी लागली. अखेर ठराव झाला की सदर पंख्यात शिट्टी अस्तित्वात नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. कुत्र्याला मत नव्हतं.

कानसाहेब जिंकले. पण जिंकून झाल्यावर समोरचं दार जे बंद झालं ते उघडेना. बाई जिन्यात भेटल्या तरी किल्ल्यांशी खेळत निघून जायच्या. आता दिवसभरात ते कुणाशी बोलत नव्हते, आणि डोक्यावर पंखा होता तोही बोलत नव्हता. पूर्वी निदान त्या खडखडाटाची सोबत होती. दोन कप चहा पिऊन कानसाहेब त्या निःशब्द वाऱ्यात पडून राहायचे, आणि अजिबात आवाज नसलेली खोली केवढी मोठी होते ते बघायचे.

शेवटी त्यांनी ठरवलं की हे शास्त्रानेच मिटवायचं. चिप वीज चालू-बंद करते, त्या वेगाचा सूर मोटरीतून निघू शकतो, हे लॅपटॉपमधला मुलगा बोलून गेला होता. तो वेग लॅपटॉपवरून बदलता येतो. तेव्हा सगळ्यांना बोलवायचं, अगदी वरच्या सुरापासून एकेक पायरी खाली यायचं, आणि ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करायचा. मुलं थापा मारत असतील तर तिथल्या तिथे उघडी पडतील. कानसाहेबांनी बाईंच्या दाराशी जाऊन, बरीच मेहनत घेऊन, "माझं चुकलं" असं म्हटलं आणि सगळ्यांना रविवारी दुपारी बोलावलं.

सगळे आले. पलंग भिंतीला सरकवला होता. मुलं जमिनीवर, बाई स्टुलावर, सेक्रेटरी आणि खजिनदार खुर्च्यांवर. कुत्रा न बोलावता आला आणि दारातच बसला. कानसाहेब लॅपटॉप मांडीवर घेऊन मध्ये बसले. तपासणी खोलीतला जुना रुबाब त्यांच्या खांद्यांवर परत आला होता.

"कुणी कुणाकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "ज्याने त्याने आपल्या कानाने ऐकायचं."

सगळ्यात वरच्या पायरीला कुणाचाच हात वर नव्हता. कुत्रा तेवढा उठून जिन्यात गेला. एक पायरी खाली. एका मुलीचा हात वर. आणखी एक. सगळ्या मुलांचे हात एकदम वर. कानसाहेब मनातल्या मनात हसले. एकीने केलं की सगळी करतात. ते आणखी खाली आले. बाईंचा हात वर गेला. बाईंनीसुद्धा? कानसाहेबांनी भुवई चढवली. आणखी खाली. मुलांनी एक हात वर ठेवून दुसऱ्याने कान झाकला होता. आणखी खाली. सेक्रेटरी दचकले, इकडे तिकडे बघितलं आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.

"अहो साहेब, आहे की! शिट्टी आहे!"

"चेष्टा नको," कानसाहेब म्हणाले.

"चेष्टा कशाला करू?"

आणखी खाली. खजिनदारांचा हात वर गेला. खजिनदार कानसाहेबांपेक्षा चांगलेच म्हातारे होते, आणि त्यांना लिफ्टमध्ये कुणी "नमस्कार" म्हटलं तरी दोनदा म्हणावं लागे. खोलीतले सगळे हात वर होते. कानसाहेबांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. आकडा बरोबर होता. प्रोग्रॅम बरोबर होता. त्यांनी खाली, आणखी खाली, भराभर खाली जायला सुरुवात केली. आणि मग, फार दूर, भिंतीच्या पलीकडे कुठेतरी असावी तशी एक बारीक रेघ त्यांच्या कानात उमटली. नियम त्यांचाच होता, म्हणून त्यांनी हात वर केला.

तोवर इतरांचे हात दुखून आले होते. मुलं हसली असती तर बरं झालं असतं, पण एकही मूल हसलं नाही. ज्या कानांसाठी परदेशी यंत्र कापडाखाली राहिलं, ते कान खोलीत सगळ्यांत शेवटी आले होते, खजिनदारांच्याही मागून. कानसाहेबांना वाटलं, आत्ता वीज गेली तर किती बरं होईल. पण यावेळी काही ती गेली नाही.

प्रयोगाने एक काम झालं. शिट्टी कुठे सुरू होते ते कळलं, आणि कानसाहेबांनी पंखा मुलांच्याही कानांपलीकडे नेऊन ठेवला. मुलांनी हात खाली करून पास केलं. जाताना बाई दारात थांबल्या, तोंडासमोर येऊन हळू म्हणाल्या, "काका, कान दाखवून घ्या एकदा. होतं असं."

कानाच्या डॉक्टरने त्यांना एका कपाटासारख्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या आणि बटण हातात दिलं. बाहेर आल्यावर विचारलं, "कारखान्यात होता का?"

"होतो. कानावरच होतो."

"तिथेच गेलेत. जाडे आवाज शाबूत आहेत. उंच, बारीक आवाज गेले. पुरुषांचं बोलणं कळेल तुम्हाला. बायकांचं, मुलांचं, समोर असतील तर कळेल. पण दुसऱ्या खोलीतून कुणी बोललं, पाठमोरं बोललं, भांडी वाजत असली, तर नुसती कुजबुज. पुष्कळदा तेवढीही नाही."

"फोनवर तर नीट येतं."

"फोन कानाला लावलेला असतो ना. हे एका दिवसात होत नाही. वर्षं जातात. आपल्याला पत्ता लागत नाही, घरातल्यांना लागतो. घरी कोण असतं?"

"कुणी नाही," कानसाहेब म्हणाले.

घरी येऊन ते आपल्या खुर्चीत बसले. खुर्ची बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून. या खुर्चीत बसून ते निवृत्तीनंतर रोज वर्तमानपत्र वाचायचे. वाचता वाचता कधी मान वळली तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी दिसायची. हात पदराला पुसत, जरा वेळ त्यांच्याकडे बघत. मग आत जायची. त्या दाराच्या वर, बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर, घड्याळ होतं. ती घड्याळ बघायला येते असं त्यांनी इतकी वर्षं धरलं होतं. पण स्वयंपाकघरात तिचं स्वतःचं घड्याळ आहे. कानसाहेब उठून दारात जाऊन उभे राहिले, जिथे ती उभी राहायची तिथे. तिथून घड्याळ दिसतच नव्हतं. दिसत होती खुर्चीची पाठ, आणि तिच्यात बसलेल्या माणसाचं डोकं दिसलं असतं, न वळणारं. मग त्यांच्या आतून काहीतरी भलतंच वर आलं, जवळजवळ आनंदासारखं. त्यांनी धावत जाऊन फोन लावला.

"अगं, मला ऐकू येत नाही!"

"मग फोनचा आवाज वाढवा," बायको म्हणाली.

"फोनवर येतं. घरात येत नाही. तू आतून बोलायचीस ना, ते नाही यायचं. डॉक्टरने सांगितलं. बारीक आवाज गेलेत. कित्येक वर्षं झाली असतील म्हणाला."

पलीकडे नात काहीतरी ओरडत होती. कुणीतरी दार लावलं, आणि तो आवाज बंद झाला.

"म्हणजे तुम्ही ऐकून गप्प बसत नव्हता?"

"नाही गं."

"मला वाटायचं, या माणसाला आपलं काही ऐकायचंच नाहीये. कारखान्यातल्या मोटरीचं बारीकसारीक दुखणं कळतं, आणि मी आतून गळा काढला तरी पान उलटतात." ती म्हणाली. "मग मी बोलायचंच सोडलं. भिंतीशी किती बोलणार?"

अडचणीत आले की कानसाहेब कामाचं बोलत. "पंखा आता अगदी पक्का झालाय. मुलांनासुद्धा ऐकू येत नाही. तू म्हणाली होतीस ना, त्या पंख्याखाली झोपायची नाही."

"मी? कधी?"

"जाताना. दारात."

"ते होय." ती जरा हसली. "दारात उभं राहून माणूस काहीतरी म्हणतो हो. जे म्हणायचं असतं ते थोडंच म्हणतो?"

मोटर, चिप, धुळीची अंघोळ, वाहन खात्याचा शिक्का मारलेला दाखला, सगळं कानसाहेबांच्या डोळ्यांसमोरून गेलं. एरवी त्यांचा स्वाभिमान चांगलाच दुखावला असता. पण तो रविवारीच संपला होता.

"आतून काय काय बोलायचीस?" त्यांनी विचारलं.

"आता काय आठवणार. साखर संपलीय, दूध बघा, तसलंच." मग ती म्हणाली, "एक आठवतं. तुम्ही रिटायर झालात, त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी विचारलं, आता दोघंच कुठेतरी जाऊन येऊ या का? मुलगी लहान होती तेव्हा जमलं नाही, नंतर तुमची सुट्टी जमली नाही. म्हटलं आता विचारावं. तुम्ही वाचत होतात. मी दारापर्यंत येऊन बघितलं. नंतर नाही विचारलं परत."

कानसाहेबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"हो," ते म्हणाले.

"काय हो?"

"तू विचारलंस ना. जाऊ या."

कानसाहेबांनी फोन एका कानाचा काढून दुसऱ्याला लावला. मग तिचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"त्या डॉक्टरकडे परत कधी जायचंय?"

"मशीन बसवायला बोलावलंय. पुढच्या आठवड्यात."

"एकटे जाऊ नका. तो काहीतरी सांगेल आणि तुम्ही अर्धंच ऐकून याल. मी रविवारी निघते."

कानसाहेबांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला होता.

"परत सांग," ते म्हणाले.

आणि तिने परत सांगितलं.